समेआधीचा काप : घरगुती ध्वनिमुद्रणातील अखंड लूपचा आढावा

ध्वनिमुद्रित केलेला एखादा सांगीतिक वाक्यांश शेवटाला पोचताच पुन्हा आरंभापासून वाजू लागावा आणि तो कोठे संपला व कोठे सुरू झाला हे ऐकणाऱ्याला कळू नये, ही अपेक्षा आज घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्या बहुतेकांची असते. मग तो रियाजासाठी लेहरा तयार करणारा तबल्याचा विद्यार्थी असो, गाण्याला ठेका बांधणारा संगीत-संयोजक असो किंवा एकट्याने थरावर थर चढवत रचना उभी करणारा गिटारवादक असो. अशा पुनःपुन्हा वाजणाऱ्या तुकड्याला सर्वत्र ‘लूप’ म्हणतात, आणि त्याचा शेवट व आरंभ जेथे मिळतात त्या जागेला येथे ‘सांधा’ म्हटले आहे. सांधा ऐकू येण्याची कारणे तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात. पहिली पातळी ध्वनिलहरीची, जेथे सेकंदाच्या काही सहस्रांशात काय घडते हे महत्त्वाचे ठरते. दुसरी आसेची, म्हणजे आघातानंतर रेंगाळणाऱ्या नादाची. आणि तिसरी लयीची. सॉफ्टवेअरने पहिली पातळी जवळपास पूर्ण आवाक्यात आणली आहे, दुसरी बऱ्याच अंशी आणली आहे, पण तिसऱ्या पातळीवरचा निकाल वाजवतानाच लागलेला असतो, आणि या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शनात नेमका त्याचाच उल्लेख सर्वांत कमी असतो.

पुनरावर्तन यंत्राकडे सोपवण्याचा पहिला गंभीर सांगीतिक प्रयोग पॅरिसमध्ये झाला. फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिअर शेफेर यांनी 1948 च्या सुमारास तबकडीवरची सर्पिल खाच एका फेऱ्यातच स्वतःला मिळवून बंद केली, त्यामुळे सुई त्याच फेऱ्यात फिरत राहिली आणि आगगाडीच्या किंवा घंटेच्या आवाजाचा तेवढाच तुकडा अखंड वाजू लागला. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीवर अशा बंद खाचेची लांबी सुमारे 0.77 सेकंद भरते, म्हणजे लूपची लांबी यंत्र ठरवते आणि संगीतकाराला तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. चुंबकीय फीत आल्यावर हे बंधन सुटले. फीत हव्या त्या लांबीवर कापून तिची दोन टोके चिकटवता येत. सेकंदाला 15 इंच, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटर, या वेगाने चालणाऱ्या यंत्रावर दोन सेकंदांच्या लूपला 76 सेंटिमीटर फीत लागे, आणि लूप त्याहून फार मोठा असला तर फितीचा वळसा यंत्राबाहेर काढून एखाद्या स्टँडवरून फिरवावा लागे. बी जीज या गटाच्या 1977 च्या ‘स्टेइंग अलाइव्ह’ या गाण्यात ड्रमचा ठेका असाच आला आहे. ड्रमवादक उपलब्ध नसल्यामुळे फ्रान्समधील शातो देरुव्हिल येथील स्टुडिओत त्याच गटाच्या ‘नाइट फीव्हर’ या गाण्यातला छोटा तुकडा फितीवर घेऊन त्याचा लूप केला गेला आणि संपूर्ण गाणे त्यावर उभे राहिले.

फितीच्या काळातली एक कारागिरी आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. फीत काटकोनात न कापता तिरपी, बहुधा 45 अंशांत कापत असत. पाव इंच रुंदीच्या फितीवर असा काप घेतला की जुना आवाज क्षीण होत जाण्याला आणि नवा आवाज चढत येण्याला पाव इंच लांबीएवढा अवधी मिळतो, आणि वरच्या वेगाला हा अवधी सुमारे 17 मिलिसेकंद होतो. आज सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रॉसफेड’ नावाने जे केले जाते ते हेच. ब्लेड चुंबकीय झालेले असेल तर कापाच्या जागी ‘टक्’ असा आवाज उमटे, म्हणून ते आधी विचुंबकित करून घेण्याची शिस्त होती. याच काळात लूप नाकारणारेही एक यंत्र झाले. इंग्लंडमध्ये 1963 पासून तयार होऊ लागलेल्या मेलोट्रॉनमध्ये प्रत्येक पट्टीखाली स्वतंत्र फीत असे, ती सुमारे आठ सेकंद वाजे आणि मग थांबे. स्वर हवा तितका लांबवता येत नसे, पण प्रत्येक वेळी वाद्याचा खरा आरंभ ऐकू येई, आणि बासरीसारख्या वाद्याची ओळख त्या आरंभातच असल्यामुळे हा सौदा वाईट नव्हता.

1979 चे ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट आणि 1981 चे अमेरिकेतील इम्युलेटर या यंत्रांनी ध्वनी अंकरूपात साठवून पट्ट्यांवर वाजवण्याची सोय केली, तेव्हा स्मृती इतकी महाग होती की लूप हा सौंदर्याचा नव्हे तर काटकसरीचा प्रश्न बनला. स्वराचा आरंभ पूर्ण ठेवायचा आणि पुढचा स्थिर भाग एका छोट्या लूपवर फिरवत राहायचा, ही पद्धत पेटीसारख्या स्थिर नादाच्या वाद्याला चालली. तार छेडल्यावर क्षणोक्षणी बदलत जाणाऱ्या नादाला ती कधीच नीट लागू पडली नाही. संगणकावरच्या ‘वेव्ह’ प्रकारच्या फाइलमध्ये लूपचा आरंभ आणि शेवट नोंदवण्यासाठी आजही वेगळी जागा असते, ती याच काळाची देणगी आहे. पुढे 1994 मध्ये आलेल्या ‘रीसायकल’ने ठेक्याचे आघातानुसार तुकडे पाडले, 1998 च्या ‘अॅसिड’ने लूप आपोआप हव्या त्या लयीला ताणून बसवला, 2001 मध्ये ‘एबल्टन लाइव्ह’ने तेच काम मंचावर आणले, आणि 2000 मध्ये खुले झालेले मोफत ‘ऑडॅसिटी’ व 2004 मध्ये अॅपलच्या संगणकांसोबत मिळू लागलेले ‘गॅरेजबँड’ यांनी ही साधने घरोघरी नेली.

आता लहरीच्या पातळीकडे वळता येते. अंकरूप ध्वनिमुद्रणात आवाजाच्या दाबाची उंची सेकंदाला ठरावीक वेळा मोजून नोंदवलेली असते. प्रत्येक नोंदीला ‘सॅम्पल’ म्हणजे नमुना म्हणतात, आणि संगीतात सर्वाधिक रूढ प्रमाण सेकंदाला 44,100 नमुन्यांचे आहे. लूपचा शेवटचा नमुना आणि पहिला नमुना यांच्या उंचीत मोठा फरक असला तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला एका क्षणात तेवढी उडी घ्यावी लागते, आणि ती उडी ‘टक्’ म्हणून ऐकू येते. यावरचा पहिला उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी शून्यछेद सांगितला जातो: लहर वरून खाली किंवा खालून वर जाताना जेथे शून्यरेषा ओलांडते तेथेच कापायचे. ऑडॅसिटीमध्ये निवडीच्या कडा जवळच्या शून्यछेदावर आणण्यासाठी एक कळ पुरते. पण हा उपाय जितका लोकप्रिय आहे तितका पुरेसा नाही. दोन्ही टोकांना लहरीची दिशा सारखी हवी. एका टोकाला ती चढत असेल आणि दुसऱ्या टोकाला उतरत असेल तर उंचीची उडी टळूनही लहरीला टोक पडते. स्टिरिओ मुद्रणात डावी आणि उजवी वाहिनी एकाच क्षणी शून्य ओलांडतील याची खात्री नसते. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे: शून्यछेदाच्या शोधात काप सरकतो आणि त्याबरोबर लूपची लांबी बदलते. काळी एकच्या षड्जाला जुळवलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची एक लहर 14 मिलिसेकंदांहून थोडी अधिक लांब असते. योग्य दिशेचा छेद गाठण्यासाठी काप सात मिलिसेकंदांपर्यंत सरकू शकतो, आणि दर आवर्तनाला एवढी चूक जमत गेली तर दोनतीन मिनिटांतच लूप बाकीच्या वाद्यांपासून निसटलेला स्पष्ट ऐकू येतो.

म्हणून खरा उपाय क्रॉसफेडचा आहे, आणि त्यात दोन निवडी करायच्या असतात. पहिली निवड लांबीची. तबल्याच्या चाटेवरच्या आघातासारख्या तीक्ष्ण ध्वनीला पाच मिलिसेकंदही पुरतात, पण डग्ग्याच्या 80 हर्ट्झच्या आसपासच्या घुमाऱ्याची एक लहरच साडेबारा मिलिसेकंदांची असल्यामुळे तेथे पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड लहर पूर्ण होण्याआधीच संपतो आणि तळाशी एक बोथट धक्का उरतो. वीस-तीस मिलिसेकंद दिले की तो जातो. स्वरमंडलासारख्या पसरट नादाला यापेक्षा कितीतरी अधिक, कधी पूर्ण सेकंदभर, अवधी देता येतो. दुसरी निवड वक्राची. जाणारा आणि येणारा आवाज एकाच लहरीचे, परस्परांशी तंतोतंत जुळणारे असतील तर सरळ रेषेत उतरणारे-चढणारे वक्र योग्य ठरतात. ते एकमेकांशी न जुळणारे असतील तर सरळ रेषांच्या मधोमध आवाज तीन डेसिबलने खचतो आणि तेथे ‘समशक्ती’ नावाचा फुगीर वक्र लागतो. उलट जुळणाऱ्या लहरींना समशक्ती वक्र लावला तर मध्यावर तीन डेसिबलची फुगवट येते. बहुतेक सॉफ्टवेअर एकच वक्र गृहीत धरून चालते, त्यामुळे सांध्यावर आवाज किंचित दबतो किंवा उसळतो आणि वापरणाऱ्याला त्याचे कारण सापडत नाही.

क्रॉसफेड करण्यासाठी कापाच्या पलीकडचा आवाज उपलब्ध असावा लागतो, ही साधी गोष्ट अनेकदा ध्वनिमुद्रण उरकल्यावर लक्षात येते. एक आवर्तन हवे असेल तर सलग चारपाच आवर्तने वाजवावीत आणि मधले घ्यावे. एवढ्या एका सवयीने पुढची निम्मी दुरुस्ती टळते. सांधा डोळ्यांसमोर आणण्याची एक जुनी युक्तीही येथे उपयोगी पडते: लूप मधोमध तोडून दोन्ही अर्ध्या भागांची अदलाबदल केली की मूळ शेवट आणि मूळ आरंभ पट्टीच्या मध्यभागी शेजारी येतात, तेथे निवांतपणे क्रॉसफेड करता येतो, आणि नवी टोके आपोआप जुळतात, कारण मूळ वादनात ती सलगच होती.

आसेची पातळी यापेक्षा अवघड आहे, कारण येथे लहर नीट जोडूनही सांधा कळतो. शेवटच्या आघाताचा नाद कापापाशी संपत नाही. तो पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर रेंगाळायला हवा असतो. वाक्यांश एकदाच वाजवून नेमक्या लांबीवर कापला तर आरंभी मागच्या आसेचा अंशही नसतो आणि शेवटी आस मध्येच तुटते, त्यामुळे प्रत्येक आवर्तनाला आवाज क्षणभर कोरडा पडतो. सॉफ्टवेअरमधून जोडलेल्या रिव्हर्बचे, म्हणजे खोलीच्या कृत्रिम घुमाऱ्याचे, हेच होते. याचे उत्तर मात्र चांगले सापडले आहे. वाक्यांश लागोपाठ दोनदा वाजू द्यायचा आणि दुसऱ्या फेरीचेच मुद्रण ठेवायचे. त्या फेरीच्या आरंभी पहिल्या फेरीची आस आधीच पसरलेली असते. ‘रीपर’ आणि ‘लॉजिक प्रो’ यांत अंतिम फाइल काढताना ही दुसऱ्या फेरीची सोय दिलेली आहे, ‘एफएल स्टुडिओ’मध्ये उरलेली आस गुंडाळून आरंभावर टाकण्याचा पर्याय आहे, आणि ज्यात काहीच नाही त्यात वाक्यांश तीन वेळा ओळीने मांडून मधला कापून घेता येतो. दुसऱ्या फेरीचा आणखी एक लाभ फारसा सांगितला जात नाही. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून पातळी सारखी राखणारे साधन, पहिल्या फेरीच्या आरंभी विसावलेले असते, त्यामुळे पहिला आघात जरा मोठा निसटतो. दुसऱ्या फेरीत ते आधीच कामाला लागलेले असल्याने तो फरक राहत नाही.

आसेचा सर्वांत कठीण प्रसंग तंबोऱ्याचा आहे, आणि घरगुती लूपचा मराठी वापरही सर्वाधिक तेथेच आहे. बेंगळुरूत तयार होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यांनी आणि नंतर मोबाइलवरच्या अॅपनी साथीला माणूस नसतानाही रियाज शक्य केला, तरी आपल्या गुरूंच्या किंवा घरच्या मिरजेच्या तंबोऱ्याचाच नाद मागे असावा ही इच्छा टिकून आहे, आणि ती अगदी रास्त आहे. चार तारांच्या तंबोऱ्यात पंचम, जोडाच्या दोन तारा आणि खर्ज क्रमाने छेडल्या जातात, आणि प्रत्येक तारेचा नाद पुढच्या सगळ्या तारांवरून पसरत पुढच्या फेऱ्यात शिरतो. म्हणजे तंबोऱ्यात शांत अशी जागाच नसते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेल्या दोऱ्याने येणारी जवारी नादाला आणखी चंचल करते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीच्या आकारामुळे तारेत वरच्या स्वरांशांची अशी समृद्धी कशी येते याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की छेडल्यापासूनच्या प्रत्येक क्षणी तारेचा रंग वेगळा असतो, म्हणून छेडीनंतरच्या वेगवेगळ्या क्षणांचे दोन तुकडे जोडले तर सांध्यावर स्वर तोच राहूनही रंग उडी मारतो. काप नेहमी त्याच तारेच्या छेडीच्या किंचित आधी घ्यावा हे त्यामुळे पहिले पथ्य ठरते.

दुसरे पथ्य कमी परिचित आहे. जोडाच्या दोन तारा कितीही काळजीने मिळवल्या तरी त्यांत अत्यल्प फरक उरतो, आणि त्या फरकामुळे नाद संथपणे उमलत-मिटत राहतो. हा फरक 0.4 हर्ट्झ असेल तर एक उमलणे अडीच सेकंदांचे होते. छेडीच्या ठरावीक क्रमाने वाजणाऱ्या तंबोऱ्यात हा झोका प्रत्येक वेळी नव्याने सुरू होत असला तरी आधीची आस त्यात मिसळलेली असतेच, त्यामुळे लूप एका-दोन फेऱ्यांएवढा आखूड ठेवला की कान त्या झोक्याचा एकच आकार पुनःपुन्हा ऐकतो आणि तंबोरा यंत्रासारखा वाटू लागतो. तीस सेकंद ते एक मिनिट लांबीचा, अनेक फेऱ्या सामावणारा लूप घेतला आणि सांध्यावर दीर्घ समशक्ती क्रॉसफेड दिला तर हा दोष जवळजवळ जातो. स्मृतीच्या काटकसरीची सवय आजच्या संगणकावर निष्कारण चालू आहे. एका मिनिटाचा असंकुचित स्टिरिओ लूप साधारण 10 मेगाबाइटच्या आसपास जागा घेतो, आणि तंबोऱ्याच्या प्राणापेक्षा ती जागा मोलाची नाही.

लयीच्या पातळीवर प्रथम गणित येते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत चार मात्रांना दोन सेकंद, म्हणजे बरोबर 88,200 नमुने लागतात. 90 च्या लयीत 1,17,600. पण 130 च्या लयीत उत्तर 81,415.38 येते, आणि नमुना अर्धवट असू शकत नाही. लूपची फाइल 81,415 नमुन्यांची केली तर एका फेऱ्यात राहणारा फरक कानाच्या आवाक्याबाहेरचा असतो. हजार फेऱ्यांनंतरही तो नऊ मिलिसेकंदांच्या आत राहतो. सॉफ्टवेअर प्रत्येक फेरा आपल्या मात्रापट्टीवरून नव्याने सुरू करत असेल तर तेवढाही साचत नाही. मात्र दोन वेगवेगळी यंत्रे स्वतंत्रपणे फिरत असतील तर तो साचतो. स्टीव्ह राईश यांनी 1965 मध्ये सान फ्रान्सिस्कोत ‘इट्स गॉना रेन’ ही रचना करताना एकाच वाक्याचे दोन लूप दोन यंत्रांवर लावले आणि ते हळूहळू एकमेकांपासून सरकत गेलेले ऐकले. जे इतरांना दोष वाटले असते त्यातून त्यांनी रचनेची एक पद्धतच घडवली.

भारतीय तालांच्या बाबतीत गणितापेक्षा मोठी अडचण सॉफ्टवेअरच्या गृहीतकांची आहे. पट्टी चार मात्रांच्या गटांत आखलेली असते, त्यामुळे 16 मात्रांचा त्रिताल किंवा आठ मात्रांचा केरवा सहज बसतो. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल यांच्यासाठी गटांची संख्या हाताने बदलावी लागते, आणि तयार लूपच्या बहुतेक संग्रहांत या तालांना स्थान नसते. त्याहून खोलवरचे गृहीतक असे की लूप पहिल्या मात्रेवर सुरू व्हावा. तालाचे आवर्तन वर्तुळ आहे, आणि वर्तुळ कोठेही कापता येते. काप समेवर असण्याचे कोणतेही सांगीतिक कारण नाही. त्रितालाच्या प्रचलित ठेक्यात सोळावी मात्रा ‘धा’ आहे, म्हणजे समेच्या अगदी आधी डग्गा खुला वाजतो आणि त्याचा घुमारा समेवर पसरतो. समेआधी कापणारा नेमका तोच घुमारा तोडतो. याउलट खालीच्या भागाच्या शेवटी बाराव्या आणि तिच्या पुढच्या तेराव्या मात्रेवर लागोपाठ ‘ता’ येतो, डग्गा मिटलेला असतो, आणि तेथे कापलेला लूप फार कमी श्रमांत जुळतो. लूप तेराव्या मात्रेपासून सुरू होतो एवढे ध्यानात ठेवून तो पट्टीवर चार मात्रा आधी मांडला की काम झाले. ही जागा सॉफ्टवेअर सुचवू शकत नाही. तबलजी मात्र न विचारता सांगतो.

लेहऱ्याला हेच वेगळ्या कारणाने लागू पडते. लेहरा किंवा नगमा म्हणजे एकल तबलावादनाला तालाचा आराखडा दाखवणारी, पेटीवर किंवा सारंगीवर आवर्तनभर फिरत राहणारी सुरावट. ती मुळातच पुनरावर्तनासाठी रचलेली असते, आणि तिचा मुखडा समेच्या आधी उठून समेवर येतो. या उठावात आणि समेत काप घातला तर सुरावटीचा अर्थच दुभंगतो. पेटीच्या लेहऱ्यात नवी पट्टी दाबली जाते त्या क्षणाच्या किंचित आधी कापणे उत्तम, कारण स्वर तेथे तसाही बदलणार असतो आणि त्या बदलात सांधा लपतो. लांबलेल्या स्वराच्या मध्ये कापले तर भात्याच्या दाबातला फरक उघडा पडतो.

मग उरते ती वादकाची लय. उत्तम वादकाचीही लय आवर्तनाच्या ओघात कणभर चढते, आणि सलग वादनात ते केवळ चालणारेच नव्हे तर हवेसे असते. पण तेच आवर्तन लूपमध्ये गेले की दर समेला लय एकदम खाली येते आणि पुन्हा चढू लागते; ऐकणाऱ्याला काय बिघडले हे सांगता येत नाही, तरी दर आवर्तनाला अडखळल्याची जाणीव होते. मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवणे हा यावरचा नेहमीचा उपाय, आणि ठोक्याशी झुंजत वाजवलेला ठेका निर्जीव होतो ही त्यावरची नेहमीची तक्रार. दोन्हींत तथ्य आहे. ठोका कानात ठेवून आठदहा आवर्तने वाजवावीत, पहिली दोन सोडून द्यावीत, आणि वादक ठोका विसरून वाजवू लागला आहे पण ठोक्यापासून सुटलेला नाही असे आवर्तन निवडावे, हा मार्ग वेळखाऊ असला तरी सर्वांत भरवशाचा आहे. लय नंतर ताणून सरळ करण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, परंतु ताणण्यात आघाताची धार पसरते, कधी तिची दुहेरी छटा उमटते, आणि तबल्यासारख्या वाद्यात हा तोटा लगेच कळतो. आघातांच्या मधले अंतरच सरकवणारी तुकड्यांची पद्धत त्यातल्या त्यात सौम्य आहे.

संगणकाचा स्वतःचा विलंब, ज्याला लेटन्सी म्हणतात, येथे भर घालतो. ध्वनी आत घेताना आणि बाहेर सोडताना संगणक तो थोडाथोडा साठवून पुढे देतो. हा साठा 256 नमुन्यांचा असेल तर सुमारे 5.8 आणि 1,024 नमुन्यांचा असेल तर सुमारे 23.2 मिलिसेकंद लागतात, तेही जाताना आणि येताना वेगवेगळे. सॉफ्टवेअर ही चूक स्वतः वजा करते, पण जोडलेल्या ध्वनियंत्राने दिलेला आकडा चुकीचा असू शकतो. बाहेर जाणारा ठोका तारेने पुन्हा आत घेऊन, मुद्रित ठोका किती मागे पडला ते मोजून तेवढा फरक एकदा नोंदवून ठेवला की पुढचे सर्व लूप जागेवर येतात. ब्लूटूथ हेडफोन लावून थरावर थर चढवणे मात्र टाळावेच, कारण त्यांचा विलंब अनेकदा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि तो वजा करण्याची खात्रीची सोय नसते.

तिन्ही पातळ्या साधूनही एक प्रश्न राहतो: अखंड लूपही ओळखू येतो. मागे रस्त्यावरचा हॉर्न, पंख्याची कुरकुर किंवा एखादा जरासा वेगळा पडलेला आघात असला की तो दर आवर्तनाला त्याच जागी येतो आणि कान त्याची वाट पाहू लागतो. ब्रायन ईनो यांनी 1978 च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’मध्ये वेगवेगळ्या लांबीच्या, एकमेकांना सहजी न भागणाऱ्या लूपचे थर एकत्र सोडले, त्यामुळे प्रत्येक लूप तोच राहूनही त्यांची भेट पुन्हा तशी होत नाही. घरगुती रियाजालाही ही कल्पना पेलणारी आहे: तंबोऱ्याचा 47 सेकंदांचा आणि स्वरमंडलाचा 61 सेकंदांचा लूप एकत्र लावले तर त्यांचे संपूर्ण पुनरावर्तन सुमारे 48 मिनिटांनी होते. ठेक्यासाठी एकाच आवर्तनाऐवजी चार वेगळी आवर्तने पाळीपाळीने वाजवणे पुरते.

फाइलच्या स्वरूपाविषयी थोडक्यात सांगता येते. एमपी3 मध्ये ध्वनी 1,152 नमुन्यांच्या चौकटींत बांधला जातो, आरंभी आणि शेवटी मोकळी जागा भरली जाते, आणि ती वगळण्याची सूचना सर्व वादकयंत्रे वाचत नाहीत. घरी निर्दोष वाजणारा लूप विद्यार्थ्याच्या मोबाइलवर दर आवर्तनाला उचकी देतो तो यामुळे. लूप द्यायचा असेल तर तो वेव्ह किंवा फ्लॅक या प्रकारात द्यावा. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून उचललेल्या लूपचा प्रश्न कायद्याइतकाच न्यायाचा आहे; ‘द विन्स्टन्स’ या गटाच्या 1969 च्या एका मुद्रणातील ग्रेगरी कोलमन यांचा जेमतेम सात सेकंदांचा ड्रमवादनाचा तुकडा असंख्य गाण्यांत वापरला गेला, आणि वाजवणाऱ्याच्या हाती त्यातून काहीही लागले नाही.

शेवटी विलंबित ख्यालाचा ठेका, ज्यासाठी आजचे सॉफ्टवेअर मुळातच घडलेले नाही. अतिविलंबित एकतालात मिनिटाला 15 मात्रांची लय नवलाची नाही, तर एबल्टन लाइव्हमधली किमान लय 20 आहे. म्हणून लय 60 ठेवून प्रत्येक मात्रेला चार ठोके मोजावे लागतात, आणि 12 मात्रांचे 48 सेकंदांचे आवर्तन पट्टीवर 48 ठोक्यांचे दिसते. मात्रेच्या पोटातली जी सैल-घट्ट हालचाल या ठेक्याचा जीव असते ती या जाळीत सरळ करू नये. वाजलेल्या प्रत्येक मात्रेवर खूण ठेवून पट्टीच वादनाप्रमाणे वाकवण्याची सोय रीपर आणि लॉजिक प्रो यांत आहे, तीच वापरावी. सांध्याच्या दृष्टीने मात्र हा ठेका उदार आहे. बारावी मात्रा ‘ना’ असल्याने तेथे डग्गा वाजत नाही, तिची किनारीची आस चार सेकंदांत विरून जाते, आणि समेच्या ‘धिं’आधी काप घ्यायला जवळजवळ रिकामी जागा मिळते. मात्र भरणीचे हलके बोल तेथे वाजले असतील तर ती जागा तशी रिकामी राहत नाही. ती मिळाली तर जोडायची राहते फक्त खोलीची शांतता, आणि दोन क्षणांची शांतता सारखी नसते. यासाठी वादन सुरू होण्यापूर्वी, पंखा बंद आणि माणसे स्तब्ध असताना, त्याच मायक्रोफोनवर रिकाम्या खोलीचे अर्धे मिनिट मुद्रित करून ठेवावे आणि ते सांध्याच्या दोन्ही बाजूंना अगदी हलक्या पातळीवर अंथरावे.